आणि साथी

माझ्या आईला आमच्या गावात 'रेकॉर्डवाली' म्हणत. कौतुकानं नव्हे. नळावर भांडण झालं, पंगतीत भाजी कमी पडली, कुणाची म्हैस आमच्या कडब्यात शिरली, काहीही असो, शेवटी विषय तिथंच यायचा. "जा की गं रेकॉर्डवाले, मुंबईला जा गायला!" एखादी म्हणायची आणि बाकीच्या पदर तोंडाला लावून हसायच्या. आई गप. घागर उचलायची आणि घरी यायची. मी मात्र गप बसणाऱ्यातली नव्हे. तेरखेड्याचा फटाका आणि मी, दोघांची वात आखूड. शाळेत असताना ह्याच बोलण्यावरून मी एका पोरीची वेणी धरून तिला फरफटत नेलं होतं, आणि तिच्या आईनं दारात येऊन माझी चांगली आरती ओवाळली होती. मला त्याचं आजही काही वाटत नाही. परत म्हणाली असती तर परत ओढली असती.

गोष्ट अशी होती. आईचं माहेर तेरचं. लग्नाआधी ती तिथल्या आराध्यांच्या मेळ्यात बसायची. आराधी म्हणजे तुळजापूरच्या देवीची गाणी म्हणणारी माणसं. गळ्यात कवड्यांची माळ, सोबतीला संबळ आणि तुणतुणं. मेळ्यात एक मुख्य गाणारीण असते, ती ओळ सोडते आणि मागच्या बाया ती उचलून धरतात. ह्याला झील धरणं म्हणतात. आई झील धरायची. एकदा तुळजापूरकडच्या एका नावाजलेल्या गाणारणीला मुंबईच्या रेकॉर्ड कंपनीचं बोलावणं आलं. तिला झीलकरी बाया हव्या होत्या, त्यात आईची वर्णी लागली. आजोबा सोबत गेले. आई मुंबईला गेली, गाऊन आली, आणि पुढच्या उन्हाळ्यात लग्न होऊन नळदुर्गजवळच्या आमच्या गावात नांदायला आली.

नव्या नवरीनं पहिल्याच नवरात्रात हौसेनं सांगून टाकलं, "माझा आवाज रेकॉर्डीत हाये." इथंच सगळं बिनसलं. कारण आमच्या गावात देवीच्या गाण्याचा मान माझ्या काकूचा. काकू म्हणजे वडलांच्या थोरल्या भावाची बायको, आईची थोरली जाऊ. तिचा आवाज खणखणीत आणि जीभ त्याहून. काल आलेली पोरगी मुंबईच्या गोष्टी सांगते म्हटल्यावर तिच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती म्हणाली, "व्हय का? मग आन की ती रेकॉर्ड."

आता आणायची कुठून? आईनं स्वतःच ती कधी पाहिली नव्हती. झीलकरी बायांना साडीचोळी देऊन गाडीत बसवून दिलं होतं, रेकॉर्ड कोण देतंय? नळदुर्गच्या लाउडस्पीकरवाल्याकडं विचारलं, त्याच्याकडंही नव्हती. झालं. त्या दिवसापासून आई रेकॉर्डवाली झाली. पुढं पुढं तिनं गाणंच सोडलं. मंगळवारी काकूच्या ओसरीवर मेळा बसायचा, तेव्हा ही मागं भिंतीला टेकून वाती वळत बसायची. ओठ हलायचे, आवाज नसायचा. मला ते बघवायचं नाही.

मी पुढं लाल गाडीवर कंडक्टर झाले. तुळजापूर, सोलापूर, उमरगा, सगळीकडं गाडी जायची आणि गाडी जाईल तिथं मी विचारायची. तुळजापूरला देवळाच्या वाटेवर देवीच्या गाण्यांची दुकानं होती, तिथले दुकानदार मला लांबूनच ओळखायला लागले होते. "आली बघा जुनं गाणं मागणारी!" आधी कॅसेटी होत्या. मग सीड्या आल्या. मग एवढंसं मेमरी कार्ड आलं आणि त्यात म्हणे हजारो गाणी. दर वेळी जुनी गाणी नव्या डब्यात भरताना कुणीतरी ठरवत असणार, कुणाला घ्यायचं आणि कुणाला सोडायचं. आईचं गाणं दर वेळी सुटलं. कंडक्टरच्या भाषेत सांगायचं तर त्या गाण्याला कुठल्याच गाडीत सीट मिळाली नाही.

माझा धाकटा भाऊ धाराशिवला नोकरीला आहे. स्वभावानं गरीब, पण मोबाईल हातात आला की त्याला वाटतं सगळं जग आपल्या मुठीत. एका दिवाळीत सगळे अंगणात बसलो होतो. त्यानं आईला गाण्याची पहिली ओळ विचारली. आईनं लाजत लाजत सांगितली, 'घाटावरच्या आंब्याखाली आई माझी टेकली गं.' भावानं शोधलं. गाणारणीचं नाव टाकून शोधलं. तिची दुसरी गाणी सापडली, हे नाही. मग तो सहज बोलून गेला, "नेटवर न्हाय म्हंजी नसंल, आई. तुला दुसरं कायतरी आठवत असंल."

बाहेरच्यांनी खोटं पाडलं ते वेगळं. हा पोटचा. आई उठून आत गेली. मी भावाला तिथंच झापलं. "मोबाईलात नाही ते जगात नाही, असं कुणी सांगितलं रे तुला? तुझं बारसंपण नाही मोबाईलात, तू जन्मलास का नाही?" तो म्हणाला, "ताई, तू लगीच तापतीस." तापणार नाही तर काय करणार! आईला त्या वर्षापासून ऐकायला कमी यायला लागलं होतं. आधी उजवा कान गेला, डावा जायच्या वाटेवर होता. मला एकच भीती होती, रेकॉर्ड सापडेल तेव्हा आईला ऐकू येत नसेल, आणि माझी आई खोटारडी म्हणूनच जाईल.

मी रिटायर झाले त्याच्या आसपास हायवेवर एक नवल सुरू झालं. नळदुर्गच्या अलीकडं एक ढाबा आहे. ट्रकवाले, हैदराबादला जाणाऱ्या गाड्या, सगळे तिथं थांबतात. ढाबेवाल्याला सगळे आप्पा म्हणतात, म्हणून मीही म्हणते. कपाळावर विभूती, मिशा भरघोस. स्वतःच्या आईशी कानडीत बोलणार, गिऱ्हाइकाशी मराठीत आणि भटारखान्यात शिव्या दखनी उर्दूत. ह्या आप्पानं गल्ल्याशेजारी रेकॉर्ड वाजवायचं लाकडी मशीन मांडलं होतं आणि मागं भिंतभर रेकॉर्डी लावल्या होत्या. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला हसूच आलं. ज्या काळ्या तबकड्या आमच्याकडं लोकांनी लोणच्याच्या बरणीवर झाकायला घेतल्या, पोरांनी चाकं म्हणून पळवल्या, त्यांच्यापुढं पुण्याची तरणीताठी पोरं हात जोडून उभी! एका पोरीनं तर रेकॉर्डचं पाकीट नाकाला लावून वास घेतला. मी म्हटलं, बाई, कढीचा घे, तो जास्त चांगला आहे.

पण दोन-चारदा गेले आणि माझं हसू जिरलं. आप्पा रेकॉर्ड लावायचा तेव्हा ढाब्यातली माणसं बोलायची थांबायची. तो पाकिटातून ती काढणार, शर्टाच्या बाहीनं नव्हे, स्वच्छ मऊ फडक्यानं पुसणार, सुई टेकवणार. ट्रकवाला भाकरीचा तुकडा हातात धरून बघत राहायचा. मी विचारलं, "आप्पा, हे सगळं मोबाईलात फुकट मिळतं की. मग लोक ह्याच्यामागं का लागलेत?" तो म्हणाला, "अक्का, मोबाईलातलं गाणं कोण ऐकतंय? ते नुसतं चालू असतंय. हे लावावं लागतंय. उठून लावलं की माणूस ऐकतंय बघा." मला ते पटलं. पुढं त्यानं सांगितलं की आता पुण्या-मुंबईला नव्यानं रेकॉर्डी छापतात, जुन्यांना भाव आलाय, आणि भंगारवाले आता त्या फोडत नाहीत, जपून ठेवतात. सोलापूर, गुलबर्गा, हैदराबाद, सगळीकडच्या शौकिनांचा त्याचा एक ग्रुप होता.

भंगारवाले फोडत नाहीत, एवढं एकच वाक्य माझ्या डोक्यात बसलं. मी तिथंच त्याला आईची सगळी हकीकत सांगितली. गाणारणीचं नाव दिलं, पहिली ओळ दिली. आप्पा हसला नाही. त्यानं चष्मा लावून ते ग्रुपवर टाकलं आणि म्हणाला, "देवीची गाणी लोकांनी टाकून दिलेली नसत्यात, अक्का. कुणाच्या तरी देव्हाऱ्याखाली असंल."

मग नुसती वाट. उन्हाळा गेला, पाऊसकाळ गेला. मी ढाब्यावर जायची, आप्पा मान हलवायचा, मी चहा पिऊन यायची. एका सकाळी त्याचा फोन आला. तो एवढंच म्हणाला, "अक्का, आंब्याखाली टेकली."

मी चप्पल उलटसुलट घालून निघाले. गुलबर्ग्याच्या एका माणसानं जुन्या सामानाच्या ढिगातून काढली होती. एवढीशी, तळहाताहून थोडी मोठी. पाकीट फाटलेलं, एका कडेला उंदरानं खाल्लेलं, पण तबकडी शाबूत. मधल्या गोल कागदावर गाण्याची ओळ होती. खाली गाणारणीचं नाव. आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात दोनच शब्द: आणि साथी. मी त्या शब्दांवरून बोट फिरवलं. माझ्या आईचं छापील नाव जगात एवढंच. मला रडू आलं आणि मी ते दाबलं नाही. आप्पानं भटारखान्यातल्या माणसांना उगाच ओरडायला सुरुवात केली, म्हणजे माझ्याकडं कुणी बघू नये.

"लावू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "आधी आई. तिच्याआधी कुणी ऐकायचं नाही, मीसुद्धा नाही." तो म्हणाला, "म्या सुई टेकवून नुसती संबळ ऐकली, चालतीया का बघाय. लगीच उचलली." आम्ही मंगळवार ठरवला, देवीचा वार. मी घरी जाताना वाटेतच भावाला फोन केला, आणि गावात शिरल्या शिरल्या आधी काकूच्या ओसरीवर गेले. तिथं मेळ्यातल्या बाया बसलेल्याच होत्या. सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काकू, रेकॉर्ड सापडली. मंगळवारी दुपारी ढाब्यावर या." काकू ऐंशीच्या पुढं गेलेली, पण तोरा तसाच. म्हणाली, "मला मेलीला कशाला? बरं, त्या ढाब्यावर भाकरी चांगली मिळती म्हणत्यात. तेवढी खाऊन यीन." ताकाला जाऊन भांडं लपवणं ते हेच.

घरी आई तूर निवडत बसली होती. मी तिच्या डाव्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं. मला वाटलं, सूप खाली टाकून मला मिठी मारेल. तिनं मान वर केली नाही.

"म्या न्हाय येणार," ती म्हणाली.

"का?"

"पाय दुखत्यात."

"गाडी दारात आणते."

"तरी बी न्हाय."

माझी वात पेटली. "आगं आई, जन्मभर लोकांनी तुला खोटं पाडलं. मी गावोगाव भीक मागितल्यासारखं फिरले. आता खरं हातात आलंय तर तुझे पाय दुखतात?"

आईनं सूप बाजूला ठेवलं. हातातले खडे दाराबाहेर टाकले. मग म्हणाली, "त्यात माझी चूक हाये."

तेव्हा मला सगळं पहिल्यांदा कळलं. आमच्यात एक रीत आहे. देवीच्या नावानं कुणी 'उदो' म्हटलं की ऐकणाऱ्यांनी 'उदो उदो' म्हणायचं. ह्याला उदो झेलणं म्हणतात. माझ्या गाडीत तुळजापूरच्या वाटेवर मागच्या सीटवरून कुणी उदो दिला की अख्खी गाडी झेलायची, ड्रायव्हर झेलायचा, तिकीट फाडता फाडता मी झेलायची. कुणीच झेलला नाही तर उदो खाली पडला म्हणतात, आणि देवीचं नाव खाली पाडणं म्हणजे आमच्याकडं लई मोठी चूक. आणि मेळ्यात गाणं संपलं की गाणारीण हात वर करते. हात वर गेला की झीलकऱ्यांनी उदो द्यायचा.

"मुंबईला काचंमागं एक सायेब हुता," आई सांगू लागली. "गाणं चाललं हुतं. एक ओळ राह्यली हुती. त्यानं हात वर केला. वेळ संपत आली, आवरा, असं सांगत हुता म्हणं. मला काय ठावं? आपल्यात हात वर केला म्हंजी काय?"

"उदो."

"मग! म्या दिला. एकटीनंच. बाकीच्या माझ्याकडं बघाय लागल्या. गाणारीण तशीच पुढची ओळ म्हणत ऱ्हायली. कुणी झेलला न्हाय. नंतर ती लई चिडली, परत गाऊ म्हणली, पण सायेब म्हणला राहू द्या, आता वेळ न्हाय. ऱ्हायला तसाच. साऱ्या मुलखात माझा उदो खाली पडलेला ऐकू जायाचा." तिनं डोळे पुसले. "रेकॉर्ड घावंना तेच मला बरं वाटायचं. खोटी म्हणत्यात तर म्हणू दे. देवीचं नाव पाडलं असं तर म्हणत न्हाईत."

मी हसायला लागले. मला थांबताच येईना. आई रागावली, "दात काढाय काय झालं?"

"आई," मी म्हटलं, "झिलेत पुष्कळ बाया होत्या. सगळ्यांचा आवाज एकात एक. त्यात तुझा कुठला, हे तू कसं दाखवणार होतीस? काकूनं एका घटकेत उडवून लावलं असतं. पण हा उदो एकटीचा आहे. एकटीचा! कंपनीनं तुझं नाव छापलं नाही, पण तुझी चूक छापली की गं! आजकाल चूक झाली की लोक बोटानं पुसून टाकतात. तुझी कोरून ठेवलीय."

हे तिच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग तिनं बारीक आवाजात विचारलं, "आन तुझ्या काकूनं वळखलाच न्हाय तर?"

इतक्या वर्षांपूर्वीच्या कोवळ्या पोरीचा आवाज. आणि काकूला ओळखायचाच नसेल तर कोण काय करणार? पण आईनं मंगळवारी सकाळी पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. कवड्यांची माळ घातली. ती माळ मी तिच्या गळ्यात पहिल्यांदाच बघत होते.

दुपारी काळ्यापिवळ्या जीपमधून मेळ्यातल्या बाया उतरल्या, मधोमध काकू. भाऊ धाराशिवहून मोटरसायकलवर आला. ढाब्यावर नेहमीची गर्दी होती, एका कोपऱ्यात हैदराबादला निघालेलं कुठलं तरी कुटुंब बसलं होतं. आप्पानं मशीनशेजारी आईसाठी खुर्ची ठेवली होती. "आई, इथं बसा, आवाज जवळून येतोय," तो म्हणाला. आईनं खुर्ची आणखी पुढं ओढली आणि स्पीकरच्या खोक्यावर तळवा ठेवला. काकू समोरच्या बाकावर बसली आणि तिनं खरंच भाकरी मागवली.

आप्पानं सुई टेकवली. खरखर झाली, संबळ रेंगाळत वाजली आणि मग असा घोगरा, जाडा, झोपेतल्यासारखा आवाज आला की सगळे दचकले. काकूनं घास तसाच ठेवला. "आगं माय! ही बाई हाये का गडी? ही तुझी रेकॉर्ड व्हय गं?" बाया खिदळल्या. आईचा चेहरा उतरला. आप्पानं कपाळावर हात मारला, सुई उचलली. "चुकलं, चुकलं! ही बारकी रेकॉर्ड पळती असती. म्या मोठीच्या सावकाश चालीवर लावली." त्यानं एक बटण फिरवलं. मी देवीला म्हटलं, बाई, आता आणखी खेळ करू नकोस.

दुसऱ्यांदा सुई टेकली. खरखरीतून संबळ उठली. काय संबळ होती! तिच्यामागं तुणतुणं, आणि मग ती गाणारीण, सरळ, उघडी, छातीतून. 'घाटावरच्या आंब्याखाली आई माझी टेकली गं.' झील आली. कोवळ्या बायांची झील. आईचा तळवा खोक्यावर होता आणि तिची बोटं संबळीबरोबर हलत होती. भावानं मोबाईल टेबलावर पालथा घातला होता आणि तो खाली मान घालून ऐकत होता. त्याला म्हटलं असतं, बघ, आहे की नाही? पण त्याची मान बघितली आणि सोडून दिलं. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, हे त्याला कळलेलं दिसत होतं.

काकू मात्र हट्टाला पेटली होती. झील आली की कान पुढं करायची आणि मान हलवायची. "ह्यात कोण कोण हाये ते देवीलाच ठावं," ती शेजारणीला म्हणाली. मेळ्यातल्या बायांनीही माना डोलावल्या. कडवं झालं, दुसरं झालं. मी आईकडं बघत होते. शेवटचं कडवं आलं तशी तिनं डोळे गच्च मिटून घेतले. गाणारणीनं श्वास घेतला. आणि मध्येच, कुणी न मागता, एकच आवाज आला.

"उदो!"

पातळ, धारदार, एकटा. 'दो' लांबवलेला नव्हता, सुपातून दाणा उडवावा तसा वर फेकलेला होता.

आणि समोरच्या बाकावरून, तोंडात भाकरीचा घास असताना, काकू खणखणीत ओरडली, "उदो उदो! लागला का दिवा?"

ढाब्यात कुणाला काही कळलं नाही. आमच्या गावच्या बायांना मात्र कळलं, आणि मला कळलं, आणि सगळ्यात शेवटी काकूला कळलं. काकूच्या आणि आमच्या घराची भिंत एकच आहे. रोज तिन्हीसांजेला आई देव्हाऱ्यात दिवा लावते आणि उदो देते, असाच, वर फेकलेला. आणि भिंतीपलीकडून काकू तो झेलते आणि विचारते, "लागला का दिवा?" भांडण असो, अबोला असो, सुतक सोडलं तर एक सांज चुकलेली नाही. मी पाळण्यात असल्यापासून ऐकत आलेय. काकूनं रेकॉर्डीतला आवाज ओळखायचा नाही असं ठरवलं होतं. पण तिच्या कानानं तिला विचारलंच नाही.

मेळ्यातली एक बाई आधी हसली, मग दुसरी, आणि मग सगळ्याजणी एकदम, "उदो उदो!" ट्रकवाल्यांनी झेलला. आप्पानं दोन्ही हात वर करून झेलला. हैदराबादच्या त्या कुटुंबाला काय चाललंय माहीत नव्हतं, तरी त्यांनीही टाळ्या वाजवल्या. मी तर असा झेलला की गाडीत शेवटच्या सीटपर्यंत जावा. काकू घास गिळायचं विसरून बसली होती. तिचे डोळे भरले. ती आईकडं बघून म्हणाली, "तुझाच गं. तुझाच हाये की ह्यो."

आईला ते ऐकू गेलं नाही. तिनं डोळे उघडले तर सगळे हात वर झालेले. तिचा तळवा अजून खोक्यावर होता. ती माझ्याकडं वळली. "काय झालं? झेलला का कुणी?"

मी तिच्या डाव्या कानाशी वाकले. "काकूंनी झेलला. सगळ्यात आधी."

"काय म्हणल्या?"

"दिवा लागला का, इचारत्यात."

आई काकूकडं बघून हसली. रोज भिंतीपलीकडं जावं म्हणून लावते तेवढाच मोठा आवाज लावून ती म्हणाली, "लागला, बाई. लागला."